दोनशेला दोनशे

"तिला सांग, चाक सोड म्हणावं. हातानं दाबून धरल्यावर माप येतंय व्हय?"

मामा हे माझ्याकडं न बघता बोलले. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते. आमच्या दोघांच्या मध्ये सुदर्शन, म्हणजे माझा नवरा, मांडी घालून बसला होता आणि त्याच्यापुढं ग्रॅनाइटच्या फरशीवर आमची गाडी उभी होती.

"तृप्ती, चाक सोड म्हणतात बाबा."

"ऐकलं मी. बहिरी नाही."

"ऐकलं म्हणती, बाबा."

दारात गहू निवडत बसलेल्या आत्या हसल्या. "ह्या घरात फोन कशाला घेतला कुणास ठाऊक! आमचा सुदा आहे की निरोप पोचवायला."

मामा म्हणजे माझे सासरे, केशव सुतार, सगळ्यांचे केशव मिस्त्री. आत्या म्हणजे सासूबाई. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही, असं आमच्यात कुठं लिहून ठेवलेलं नाही. पण मामांच्या वडलांनी ते पाळलं, म्हणून मामांनी पाळलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत मामांचा एक शब्द सरळ माझ्याकडं आला नव्हता. चहा हवा असला तर "चहा मिळेल का", हे भिंतीला. मला ताप आला तर "डॉक्टरला दाखवा", हे आत्यांना. माणूस वाईट नव्हता हो! उलट फार मायेचा. पण माया सगळी वळसा घालून यायची.

मामांचा शिरोलीच्या एमआयडीसीत छोटा कारखाना होता. लोखंड ओतायच्या आधी वाळूत ज्या लाकडी वस्तूचा ठसा उमटवतात, तिला पॅटर्न म्हणतात. ते पॅटर्न मामा बनवायचे. सगळं काम सागवानाचं आणि केसाच्या मापाचं. आसपासच्या फाउंड्रीवाले म्हणायचे, केशव मिस्त्रींचा पॅटर्न असला की मोजायची गरज नाही.

आणि मी? मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली बाई. लग्नाआधी दोन वर्षं एका फाउंड्रीत ड्रॉइंग सेक्शनला होते. मला मामांच्या कारखान्यात काम करायचं होतं. दुसरं काहीही नको होतं. साडी नको, दागिना नको, महाबळेश्वर नको. चार वेळा विचारलं होतं. चारही वेळा उत्तर आत्यांच्या तोंडून आलं, "आपल्या कारखान्यात बाईमाणूस नाही, म्हणतात." चौथ्या वेळी मी मोरीत जाऊन रडले होते. पाण्याचा नळ सोडून रडले, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये.

आता ही गाडी कुठून आली ते सांगते. गाडी रिमोटची, हातभर लांब, बॅटरीवर चालणारी. खेळण्यातली म्हणाल तर सुदर्शनला राग येईल. स्कूटरच्या वेगानं पळते ती. त्यानं पुण्यातनं कुणाकडनं तरी जुनी घेतली, आणि पहिल्याच रविवारी तीन वेळा गटारात घातली. चौथ्यांदा रिमोट मी घेतला. तेव्हापासून रिमोट माझ्याचकडं राहिला. सुदर्शनचा स्वभाव असा की त्याला त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही. बॅटऱ्या चार्ज करणं आणि माझं कौतुक करणं ही दोन खाती त्यानं आनंदानं घेतली.

तर त्या पौष महिन्यात जयसिंगपूरजवळ एका मंगल कार्यालयात शर्यत ठरली. पौषात लग्नं नसतात, त्यामुळं कार्यालयाचं भलंमोठं पार्किंग मोकळं. पुण्याहून, बेळगावहून, इचलकरंजीहून गाड्या येणार होत्या. गुरुवारी जेवताना सुदर्शननं विषय काढला आणि माझी जीभ सैल सुटली.

"आत्या, मामांना विचारा," मी म्हटलं, "गाडी पहिल्या तिनात आणली तर मला कारखान्यात घेतील का?"

आत्यांचा घास हातातच राहिला. सुदर्शन ताटात बघायला लागला. मामांनी आमटीत भाकरी कुस्करली, सावकाश एक घास खाल्ला आणि पाण्याच्या तांब्याला उद्देशून म्हणाले, "सांगा तिला. गाडी आली पहिल्या तिनात, तर बघू."

मामांच्या तोंडून 'बघू' म्हणजे काय, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. ते 'नाही' सरळ म्हणायचे. 'बघू' ते क्वचित म्हणायचे, आणि म्हणाले की करायचे. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

शनिवारी दुपारी मी आणि सुदर्शन बाहेरच्या सोप्यात बसून गाडीची चाकं डोळ्यांनी जुळवत होतो. चाकं एकमेकांना समांतर नसली की गाडी भलतीकडं पळते, हे आम्हाला कळत होतं. मोजायचं कशानं, ते कळत नव्हतं. मामा दुपारची झोप काढून उठले, आमच्यापाशी थांबले आणि पाच मिनिटं बघत राहिले. वाकडं काही दिसलं की त्या माणसाच्या पोटात दुखायचं. लग्नाच्या मांडवातसुद्धा वाकडी टांगलेली चौकट उठून सरळ करणारा माणूस तो.

"सुद्या, हे काय चाललंय? अंदाजपंचे दाहोदरसे?"

"बाबा, त्याचं वेगळं यंत्र असतं. महाग असतंय."

"यंत्र! थांब."

आणि मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. ओट्याचं काम झाल्यावर उरलेली ग्रॅनाइटची फरशी मागच्या दारातून आली. तिच्यावर पाण्याचा बुडबुडा असलेली पाणसळ ठेवून, खाली वर्तमानपत्राच्या घड्या घालून, मामांनी फरशी सपाट केली. मग आला गुण्या, सुताराचा काटकोन. तो चाकाला टेकवून उभा केला की चाक वरनं किती आत कललंय ते दिसायचं. ती फट मोजायला मामांनी पत्त्यांचा जुना कॅट मागवला. "पाच पत्ते बसले पाहिजेत. डावीकडं पाच, उजवीकडं पाच." सुदर्शन पत्ते सरकवायचा आणि ओरडायचा, "राणी अडकली बाबा!" आत्या गहू सोडून बघायला आल्या. मला तर हसू आवरेना.

शेवटी चाकांची सरळ रेघ. मामांनी वीतभर लांबीच्या दोन सागवानी पट्ट्या रंधून आणल्या, आणि पुढच्या दोन चाकांना बाहेरून एकेक रबरबँडनं बांधल्या. आता पट्ट्यांच्या पुढच्या टोकांमधलं अंतर आणि मागच्या टोकांमधलं अंतर सारखं आलं की चाकं समांतर. इतकं सोपं! मी मनातल्या मनात मामांच्या पाया पडले.

मामा गाडीच्या मागच्या बाजूला बसले होते, मी पुढच्या बाजूला. शेजारी शेजारी बसायचा प्रश्नच नव्हता. त्यामुळं मागचं माप त्यांनी घेतलं, पुढचं मी. त्यांच्याकडं त्यांची कामाची पट्टी, माझ्याकडं डिप्लोमाच्या वेळची माझी स्टीलची पट्टी.

"दोनशे," मामा सुदर्शनला म्हणाले.

"दोनशे म्हणतात बाबा."

चाकाला जाणाऱ्या बारीक दांड्या असतात, दोन्ही टोकांना आटे असलेल्या. त्या फिरवल्या की चाक आत-बाहेर होतं. मी दोन्ही बाजूंना थोडं थोडं फिरवत आले, आणि माझ्या बाजूलाही माप बसलं.

"इकडं पण दोनशे!"

"दोनशेला दोनशे झालं, बाबा!"

मामांनी नुसती मान हलवली, पण मिशीत हसले. मी ते बघितलं.

रविवारी सकाळी आठलाच आम्ही टेम्पोतून निघालो. मामा येणार नव्हते. पण टेम्पो सुरू झाल्यावर हातात ग्रॅनाइटची फरशी घेऊन बाहेर आले आणि पुढच्या सीटवर बसले. "फरशी फुटेल तुमच्या हातनं," एवढंच म्हणाले.

कार्यालयात नुसती धमाल होती. पार्किंगमध्ये पाण्याचे जाड पाइप अंथरून नागमोडी रस्ता केला होता. वधूवरांचं स्टेज बाहेर आणून मांडलं होतं. त्याच्यावर आठ जण रिमोट घेऊन उभे राहणार, म्हणजे सगळा रस्ता दिसतो. माइकवर कार्यालयाचाच माणूस. त्याला दुसरं काही येत नव्हतं, त्यामुळं शर्यत सुरू करताना तो "सावधान!" म्हणायचा आणि सगळे हसायचे.

आमच्या शेजारच्या टेबलावर पुण्याची टीम होती. त्यांच्याकडं ते यंत्र होतं. अॅल्युमिनियमचं, चकचकीत, अंशांच्या खुणा असलेलं. मामांनी फरशी, गुण्या आणि पत्त्यांचा कॅट मांडला, तसा त्यांच्यातला एक चष्मेवाला पोरगा वाकून बघायला लागला.

"काका, रमीचा डाव लावताय की काय?"

मामांचे कान लाल झाले, आणि मला वाटलं, आज ही गाडी पळालीच पाहिजे. आता फक्त माझ्यासाठी नव्हे.

दोन चाचण्या, त्यांच्यावरून शर्यतीत उभं राहायचा क्रम, आणि मग शर्यत. अशी पद्धत होती.

पहिल्या चाचणीत माझी गाडी वळेचना. सरळ रस्त्यावर ठीक, पण वळण आलं की नाक आत घालायची नाही, रुंद जायची. डावं वळण असो की उजवं, तेच. मी स्टेजवरून उतरले ती घामाघूम होऊन.

"सुदर्शन, मामांना सांग, वळताना नाक आत घेत नाही. बाहेर बाहेर जाते."

सुदर्शन बिचारा पळत गेला. मी लांबून बघत होते. तो हात हलवून हलवून सांगत होता, मामा मान डोलवत होते. मग मामांनी पाना घेतला आणि डाव्या चाकाची दांडी फिरवली. मला वाटलं, कळलं त्यांना.

दुसऱ्या चाचणीत गाडी आणखी बिघडली. आता तर ती सरळसुद्धा जाईना. तिसऱ्या फेरीत पाइपवर आपटली, कोलांटी खाऊन उलटी पडली आणि चाकं वर करून फिरत राहिली. पुण्याचा चष्मेवाला शिट्टी वाजवत होता. माइकवाला म्हणाला, "मिसेस सुतार, आठव्या नंबरवर!" आठच गाड्या होत्या.

माझ्या डोळ्यांपुढं आमची मोरी आली. तो नळ, ती बादली. पाचव्यांदा विचारायचं तोंड आता उरणार नव्हतं.

तेवढ्यात माइकवरून हाक आली. प्रत्येक टीमचा एकेक माणूस वळणावर उभा राहायला पाहिजे, उलटलेल्या गाड्या सरळ करायला. आमच्याआधीची लहान गाड्यांची शर्यत आता सुरू होतेय. सुदर्शननं माझ्याकडं बघितलं, वडलांकडं बघितलं.

"जा," मी म्हटलं.

"अगं, पण तुम्ही दोघंच..."

"जा रे बाबा, नाहीतर बाद करतील!"

तो गेला. टेबलापाशी मी, मामा आणि गाडी. आमच्या शर्यतीला बारा मिनिटं होती.

मामा पाना हातात घेऊन उभे. मी गाडी हातात घेऊन उभी. एक मिनिट गेलं. मामांनी घसा खाकरला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. थर्मास घेऊन एक चहावाला चालला होता, त्याला त्यांनी थांबवलं.

"ए भाऊ. जरा विचार हिला, गाडीला नेमकं काय होतंय?"

चहावाल्यानं माझ्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं. "काका, समोरच हाईत की त्या. तुम्हीच विचारा." आणि गेला निघून.

मला हसू पण आलं आणि रडू पण. दहा मिनिटं राहिली होती. म्हटलं, गेली ती रीत उडत.

"मामा, मीच सांगते. गाडी एका बाजूला ओढत नाही. वळताना नाक आत घालत नाही. डावीकडं पण आणि उजवीकडं पण."

मामा खाली बघत होते. मग मान वर केली.

"दोन्हीकडं?"

हा त्यांचा मला पहिला शब्द. दोन वर्षांनंतर. पण त्याचा आनंद मानायला वेळ कुणाला होता!

"दोन्हीकडं."

"मग सुद्या मला म्हणाला, बाहेर ओढते म्हणून! मी डावी दांडी अर्धा आटा फिरवली."

"म्हणून तर आपटली! मी ओढते म्हटलंच नव्हतं."

"गाढव आहे कार्टं," मामा म्हणाले, आणि खसकन फरशी पुढं ओढली. "ठेव गाडी. पट्ट्या बांध."

मी पट्ट्या बांधल्या. मामांनी आधी डावी दांडी होती तशी केली. मग मागच्या टोकाला पट्टी लावली. "दोनशे." मी पुढच्या टोकाला माझी लावली. दोनशे.

"बरोबर आहे की मग!" मामा वैतागले.

सात मिनिटं. मी टेबलाला वळसा घालून सरळ मामांच्या शेजारी गेले, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ, आणि त्यांनी मोजलेली जागा माझ्या पट्टीनं मोजली.

"मामा, इथं दोनशे दोन आहे."

"डोळे तपास. दोनशे आहे."

"दोनशे दोन!"

"तीस वर्षं झाली ही पट्टी वापरतोय मी!"

मी त्यांच्या हातातली पट्टी घेतली. म्हणजे काढूनच घेतली. माझ्या पट्टीच्या शेजारी ठेवली, शून्याला शून्य लावून. त्यांचा दोनशेचा आकडा माझ्या दोनशे दोनवर येत होता.

आम्ही दोघं त्या दोन पट्ट्यांकडं बघत राहिलो, आणि दोघांच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला.

ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, शंभराला एक. म्हणून पॅटर्न मोठा करायचा असतो. दर वेळी हिशेब करत बसायला नको, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच मुळात तेवढी मोठी आखलेली असते. मामांनी तीस वर्षांत दुसरी पट्टी हातात धरली नव्हती. आणि पुढचं माप माझ्या पट्टीचं, मागचं त्यांच्या. चाकांची तोंडं दोन मिलिमीटर आत वळलेली, आणि आम्ही आदल्या दिवशी दोनशेला दोनशे म्हणून पेढे वाटायच्या बेतात!

"आकसायची पट्टी आहे ही," मी म्हटलं. "बिडाची. शंभराला एक."

मामांनी कपाळावर हात मारला. मग तो हात तसाच ठेवून माझ्याकडं बघितलं.

"तुला कसं ठाऊक?"

"डिप्लोमा काय पोळ्या लाटायला केला का, मामा?"

बोलून गेले आणि जीभ चावली. मामांची मिशी थरथरली. मला वाटलं, आता फरशी उचलून निघतात. पण ते हसत होते. आवाज न करता, पोट हलवत हसत होते.

"पाना घे," ते म्हणाले. "माझी बोटं जाड आहेत, वेळ लागेल. तू फिरव, मी बघतो. तुझी पट्टी दे इकडं."

मी फिरवायला लागले.

"डावीकडं पाव आटा. अजून. थांब. आता उजवीकडं. अजून जरासं. थांब! थांब म्हटलं की!"

"थांबले की!"

"मग पाना का हलतोय?"

"माझा हात कापतोय!"

"कापू देऊ नको."

चार मिनिटं. पुढं दोनशे एक, मागं दोनशे एक. एकाच पट्टीनं. मामा मागं सरले. मी पाना सोडला नाही.

"मामा, पुढं अर्धा मिलिमीटर जास्त ठेवते."

"का? सरळ झालं की."

"तोंडं जराशी बाहेर असली की वळणात चटकन आत शिरेल."

"सरळ झालेलं वाकडं करायचं?" त्यांचा आवाज चढला. पुण्याची टीम बघायला लागली. "तीस वर्षांत मी वाकडं ठेवून काही हातावेगळं केलेलं नाही!"

"गाडी मी चालवणार आहे, मामा."

माइकवर माझं नाव पुकारलं. मामा गाडीकडं बघत होते, माझ्याकडं नाही. मग म्हणाले, "ठेव."

मी अर्धा मिलिमीटर बाहेर काढलं आणि स्टेजकडं पळत सुटले.

"सावधान!" माइकवाला ओरडला.

आठव्या नंबरवरनं सुटले. पहिलं वळण आलं, मी रिमोटचं चाक वळवलं, आणि आई शप्पथ, गाडी अशी आत शिरली की मीच दचकले! रस्त्याला चिकटून, पाइपला घासेल न घासेल अशी. पहिल्या फेरीत बेळगावची एक गाडी मागं टाकली. दुसऱ्या फेरीत दोन गाड्या एकमेकींना धडकल्या, मी मधून काढली. पाचव्या नंबरला आले. बोटं अशी चालत होती जशी कुणी दुसरंच चालवतंय. पुण्याचा चष्मेवाला सगळ्यांत पुढं होता, त्याचं मला काही पडलं नव्हतं. मला तिसरा पाहिजे होता.

चौथ्या नंबरला आले तेव्हा दोन मिनिटं राहिली होती. पुढं इचलकरंजीची पिवळी गाडी. सरळ रस्त्यावर ती मला सोडून पळायची, वळणावर मी तिला गाठायची. दर फेरीला तेच. आणि खालून, स्टेजच्या अगदी पायथ्यापासून, एक आवाज यायला लागला. पॅटर्नच्या कारखान्यात करवतीच्या वरचा आवाज काढायची सवय असलेला आवाज.

"तृप्तेऽऽ! आत घाल! आत घाल तिला! सोडू नको!"

सुदर्शन वळणावर उभा होता. तो गाड्या सोडून बापाकडं तोंड उघडं टाकून बघत होता. एक उलटलेली गाडी त्याच्या पायाशी चाकं फिरवत पडली होती, ते त्याच्या गावी नव्हतं.

शेवटची फेरी. शेवटचं वळण. पिवळी गाडी जराशी रुंद गेली आणि मी माझी आत घातली. दोघी शेजारी शेजारी बाहेर पडल्या. सरळ रस्ता, चाळीस फूट. पिवळीची मोटर जोरकस. रेघ ओलांडली तेव्हा तिचं नाक पुढं होतं. चार बोटं. फार तर पाच.

"चौथा क्रमांक, मिसेस सुतार!" लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. आठवीवरनं चौथी, म्हणून. चष्मेवाला पळत आला आणि मामांना म्हणाला, "काका, तो पत्त्यांचा प्रकार मला दाखवा ना." मामांनी त्याला बसवून दाखवला, अगदी उत्साहानं.

मी स्टेजच्या मागं जाऊन उभी राहिले. चार बोटं! चार बोटांनी गेलं माझं. 'पहिल्या तिनात' म्हणजे पहिल्या तिनात. ते मापवाले आहेत, मापापुढं त्यांचं काही चालणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

घरी येताना टेम्पोत मामा अखंड बोलत होते. माझ्याशी. वाकून वाकून. मागच्या चाकांना पाचाऐवजी चार पत्ते ठेवले असते तर? मोटर कुठली होती त्या पिवळ्याची? सुदर्शन आमच्या दोघांच्या मध्ये बसला होता, पण त्याला काही कामच उरलं नव्हतं. मी हो, नाही, असं म्हणत होते. त्यांना पैज आठवतसुद्धा नव्हती, आणि मला तिच्याशिवाय दुसरं काही आठवत नव्हतं. खरं सांगते, त्या वेळी मला त्यांचा राग आला.

दारात आत्यांनी विचारलं, "कितवी?"

"चौथी," मी म्हटलं. आत्यांचा चेहरा पडला. मामा पाय धुवायला गेले.

संध्याकाळी त्यांनी पैजेचं काही काढलं नाही. मीही काढलं नाही. अट आपणच घातली होती, आपणच हरलो. रडीचा डाव खेळायचा नाही.

सोमवारी सकाळी मामा आणि सुदर्शन डबा घेऊन नेहमीसारखे गेले. मी धुणं केलं. साडेदहाला ओट्यापाशी भाकऱ्या करायला लागले. दुसरी भाकरी तव्यावर टाकली आणि माझा मोबाइल वाजला. मामांचा फोन. मामांनी मला कधी फोन केला नव्हता. माझा नंबर त्यांच्याकडं आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

"कुठं आहेस?"

"घरी."

"घरी काय करालीस?"

"भाकऱ्या."

"साडेदहा वाजले. आठची वेळ आहे कामाची."

पीठ लागलेल्या हातानं मी फोन घट्ट धरला. "मामा, गाडी चौथी आली. पहिल्या तिनात आली तर बघू, म्हणाला होतात तुम्ही."

पलीकडं कुणीतरी करवत बंद केली. मामांचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"मग? चौथी आली गाडी. तिला ठेव घरात. तू ये."

फोन बंद झाला. मी तशीच उभी राहिले, गालावरनं पाणी वाहतंय हे मला आत्यांनी बघितल्यावर कळलं.

"काय गं? काय म्हणाले?"

"ये म्हणाले."

आत्यांनी माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि मला दाराकडं ढकललं. "मग उभी काय राहिलीस? पळ की!"